प्रश्न तुमचे : पडलो, तरी हिशेब द्यायचा का?

निवडणूक संपली की गुलाल धुतला जातो, खर्चाची वही मात्र कुठल्या तरी पिशवीत तशीच राहते. या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं त्या वहीबद्दलची होती, म्हणून हा अंक तिलाच दिला. कायद्याची कलमं गरजेपुरतीच घेतली आहेत.

प्रश्न : ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदासाठी उभा होतो, पडलो. पडलेल्याला हिशेब कोण मागणार म्हणून दिला नाही. आता जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली आहे. पुढच्या खेपेला उभं राहायचा विचार आहे. काय करावं?
(एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

भाऊ, पहिलं म्हणजे नोटीस आली आहे, आदेश आलेला नाही. या दोन कागदांमधला फरक पाच वर्षांचा आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यातलं कलम १४-ब वाचून घ्या. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत आणि ठरवलेल्या पद्धतीने खर्चाचा हिशेब दिला नाही, आणि न देण्याला सबळ कारणही नसेल, तर आदेशाच्या तारखेपासून पाच वर्षं त्या माणसाला सदस्य राहता येत नाही, उभंही राहता येत नाही. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांची. जिंकलेला, पडलेला, अनामत गेलेला, बिनविरोध आलेला, सगळ्यांना ती सारखीच. मुदतीत अर्ज मागे घेतलेले तेवढे सुटतात. पॅनेलवाले मतदान प्रतिनिधी आणि वाहन परवाना वाढवून मिळावा म्हणून एखाद्या पोराला ‘डमी’ उभा करतात, त्यालाही हिशेब द्यावाच लागतो. अशा पोरांचीच नावं अपात्रांच्या यादीत हमखास सापडतात, कारण निकालानंतर त्यांना कोणी विचारत नाही.

आता तुमच्या उत्तराचं. कलमात दोन गोष्टी आहेत, हिशेब न देणं आणि सबळ कारण नसणं. पहिली तुमच्याकडून झालेली आहे, ती नाकारू नका. उत्तरासोबत राहिलेला हिशेब आत्ताच जोडा. ठरलेल्या नमुन्यात, बिलांसह, शपथपत्रासह. उशिरा दिलेला हिशेब वेळेवर दिल्यासारखा होत नाही, पण कोरं उत्तर आणि पूर्ण हिशेबासह आलेलं उत्तर यांच्याकडे सुनावणीत एकाच नजरेने पाहिलं जात नाही. कारण खरं असेल तेच लिहा आणि त्याला कागद लावा. दवाखान्यात भरती होता तर डिस्चार्ज कार्ड, घरात मयत झाली असेल तर मृत्यूचा दाखला. कार्यालयात गेलो होतो, पण घेतला नाही असं म्हणायचं असेल तर त्या दिवसाचा काही पुरावा हवा. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही, कारण अर्ज भरतानाच या सूचना हातात दिलेल्या असतात. ‘पडलो म्हणून दिला नाही’ हे तर अजिबात लिहू नका.

सुनावणीच्या तारखेला स्वतः जा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो. तो तुम्हाला कळतो पुढच्या निवडणुकीत छाननीच्या टेबलावर, तेही विरोधकाच्या तोंडून. आदेश झालाच, तरी कलम १४-ब मध्येच आयोगाला अपात्रता काढून टाकण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे, मात्र आयोगाला त्याची कारणं लिहावी लागतात. त्यानंतरची वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. ती महागाची आहे. या सगळ्यापुढे झेरॉक्सचे शे-दोनशे रुपये स्वस्त पडले असते.

प्रश्न : एक रुपयाही खर्च केला नाही. तरी हिशेब?

हो. ‘निरंक’ लिहून, शपथपत्र लावून द्यायचा. पण तुमच्या नावाचं पत्रक गावात वाटलं गेलं असेल तर निरंक लिहिणं खोटं ठरेल, मग ते पत्रक कोणीही छापलेलं असो.

प्रश्न : ग्रामपंचायतीला आणि नगर पंचायतीला खर्चाची मर्यादा किती? २५ हजारांत निवडणूक होते तरी का?
(वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ)

ग्रामपंचायतीत मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते. २०२५ पर्यंत ती अशी होती : ७ आणि ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाला २५ हजार, सरपंचपदाला ५० हजार. ११ आणि १३ सदस्य असतील तर ३५ हजार आणि १ लाख. १५ आणि १७ असतील तर ५० हजार आणि १ लाख ७५ हजार. २०२५ मध्ये आयोगाने गावांचीही मर्यादा वाढवली, म्हणून आजचा आकडा तहसीलच्या निवडणूक शाखेतून घ्या.

शहरांसाठीही आयोगाने २०२५ च्या निवडणुकांपूर्वी मर्यादा वाढवली. नगर पंचायतीत सदस्याला २ लाख २५ हजार, अध्यक्षाला ६ लाख. ‘क’ वर्ग नगर परिषदेत २ लाख ५० हजार आणि ७ लाख ५० हजार, ‘ब’ वर्गात ३ लाख ५० हजार आणि ११ लाख २५ हजार. ‘अ’ वर्गात, म्हणजे यवतमाळ, गोंदियासारख्या लाखावर लोकवस्तीच्या गावांत, ५ लाख आणि १५ लाख.

जुन्या २५ हजारांतही होते का, तर होते. मोजून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या तालुक्यातले भाव घालून पाहा. प्रभागात ६०० मतदार धरा. हजार पत्रकं १,५०० रुपये. सहा बाय चार फुटांचे तीन फ्लेक्स, चौरस फुटाला १५ रुपये भावाने १,०८०. भोंगा लावलेला ऑटो चार दिवस, रोजचे १,५०० म्हणजे ६,०००. दोन मोटरसायकलींचं पेट्रोल सात दिवस, गाडीमागे रोज २००, झाले २,८००. दहा पोरांचा चहा-नाश्ता सात दिवस, माणशी ४० रुपयांनी आणखी २,८००. मतदार चिठ्ठ्या ६००, नमुना मतपत्रिका १,०००. मतदानाच्या दिवशीचं टेबल, खुर्च्या, कापडी मंडप १,५००. झेरॉक्स आणि नोटरी १,०००. बेरीज १८,२८०. हाती ६,७२० उरतात.

आता यात शंभर ताटांचं एक जेवण घाला, ताट १२० रुपये. १२ हजार वाढले, बेरीज ३०,२८० वर गेली. २५ हजारांची मर्यादा फुटते ती इथे. पत्रकाने आणि ऑटोने ती क्वचितच फुटते.

यात एक गोष्ट नेहमी चुकते. भाव तुम्ही लिहाल तो धरला जात नाही. जिल्हा प्रशासन चहा, जेवण, खुर्ची, मंडप, वाहन, ध्वनिक्षेपक अशा बाबींची दरसूची काढतं. तुम्ही ऑटोचे रोज ५०० दाखवले आणि दरसूचीत १,५०० असतील, तर हिशेब १,५०० ने धरला जाईल. मित्राने जीप फुकट दिली तरी दरसूचीप्रमाणे तिचं भाडं तुमच्या खर्चात येतं. म्हणून अर्ज भरायच्या दिवशीच तहसीलच्या निवडणूक शाखेतून दरसूचीची प्रत घ्या आणि वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.

प्रश्न : आमचं नऊ जणांचं पॅनेल आणि सरपंचपदाचा उमेदवार, असे दहा जण. पत्रक एकच, सभा एकच. खर्च कोणाच्या नावावर टाकायचा?

ज्यांची नावं, फोटो, चिन्हं त्या पत्रकावर आहेत त्या सगळ्यांच्या नावावर, सारखा वाटून. दहा जणांच्या सभेला १२ हजार आले तर प्रत्येकाकडे १,२००. प्रभागाच्या पत्रकावर तीन सदस्य आणि सरपंच असतील तर चार वाटे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं आणि कायद्याच्या लेखी पॅनेल नावाचं कोणी नसतं, त्यामुळे ‘पॅनेलने केला’ हे उत्तर हिशेबात बसत नाही. मूळ बिल एकाकडे ठेवा आणि बाकीच्यांच्या हिशेबाला त्याची प्रत जोडून ‘एकूण अमुक, माझा वाटा तमुक’ असं लिहा. दहाही जणांच्या वहीत बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम तीच आली पाहिजे. सरपंचाच्या उमेदवाराने पूर्ण १२ हजार स्वतःकडे लिहिले आणि नऊ जणांनी निरंक दिलं, हे नेहमी घडतं. नऊच्या नऊ हिशेब खोटे आहेत हे दाखवायला मग ते एकच पत्रक पुरतं.

पत्रकावर मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापलेली असू द्या. छापखानेवाला विसरला तर माल परत करा.

प्रश्न : मी महिला राखीव जागेवर उभी आहे. पैशाचं सगळं आमचे हे पाहतात. मला फक्त सही करायला सांगतात. चालते का?
(एक ताई, ता. लाखांदूर, जि. भंडारा)

ताई, वही त्यांनी लिहिली तर हरकत नाही. मात्र शपथपत्र तुमचं आहे आणि अपात्र व्हाल त्या तुम्ही. त्यांच्या नावावर काहीच येणार नाही, ते पुढच्या खेपेला खुशाल उभे राहतील. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. त्यामुळे हिशेब नवऱ्याच्या खिशात आणि नोटीस बायकोच्या नावावर, हा प्रकार गावोगाव झाला आहे.

निदान चार गोष्टी स्वतःच्या हाती ठेवा. बँकेचं खातं तुमच्या एकटीच्या नावाने असू द्या आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच असू द्या, यांचा नको. रोज रात्री वहीतली त्या दिवसाची बेरीज वाचून घ्या आणि खाली तारखेसह सही करा. कोऱ्या नमुन्यावर सही करू नका, ‘घाई आहे, नंतर भरतो’ म्हणतात तेव्हा तर नक्कीच नको. आणि हिशेब दिल्यावर मिळालेली पोच घरातल्या कागदांत न ठेवता तुमच्या स्वतःच्या पेटीत ठेवा.

वहीत रकाने हे करा : तारीख, कशासाठी, किती नग, दर, रक्कम, कोणाला दिले, बिल क्रमांक, रोख की खात्यातून, आणि बाकी असेल तर किती. डाव्या पानावर जमा लिहा. स्वतःचे किती टाकले, भावाने किती दिले, पक्षाने किती, उसनवारी किती. जमेची बाजू बहुतेक वह्यांत कोरीच असते. मग १८ हजार खर्च झाले, ते आले कुठून, या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

प्रश्न : खातं वेगळं काढावंच लागते का? आमच्या गावापासून बँक लांब आहे. जनधन खातं आहे, ते चालेल का?
(वाचक, ता. धारणी, जि. अमरावती)

निवडणुकीसाठी वेगळं खातं काढा, अर्जासोबत पासबुकाची प्रत मागतात. अर्जाच्या शेवटच्या दिवसांत बँकेत गर्दी होते, म्हणून निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला त्याच आठवड्यात जा. जुनं जनधन खातं वापरायचा मोह टाळा. केवायसी अपुरी असलेलं ‘लहान खातं’ असेल तर त्यातून महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. ऐन प्रचारात पैसा अडकतो. शिवाय त्याच खात्यात रोजगार हमीची मजुरी, निराधारचं अनुदान, कापसाचे पैसे येत असतील तर प्रचाराचा पैसा वेगळा काढून दाखवताना नाकी नऊ येतात.

फोनपे, गुगल पेने पैसे द्यायचे तर याच खात्यातून द्या. पुतण्याने त्याच्या फोनवरून दिले असतील तर त्याच दिवशी ते जमेला लिहा, ‘पुतण्याकडून अमुक’, आणि खर्चालाही लिहा. दोन्हीकडे लिहिलं नाही तर बिल तुमच्या नावाचं आणि पैसे भलत्याचे, असा घोळ होतो.

प्रश्न : मित्रमंडळींनी न विचारता चौकात माझे फ्लेक्स लावले, एकाने रोडग्यांचं जेवण घातलं. मी सांगितलं नव्हतं. तरी माझ्याच माथी?
(नगर पंचायतीचा उमेदवार, जि. चंद्रपूर)

तुमच्या माथी येऊ नये असं वाटत असेल तर तसं लेखी सांगावं लागतं, आणि लगेच. भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ मित्रमंडळींना वाचून दाखवा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा इतर कशावर खर्च करणाऱ्याला १० हजारांपर्यंत दंड आहे. त्यात सवलत फक्त १० रुपयांपर्यंतच्या खर्चाला, तीही १० दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी घेतली तर. हे १० रुपये इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले आहेत. जुना दंडविधान गेला, नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण हा आकडा हलला नाही. आज १० रुपयांत फ्लेक्सची दोरीही येत नाही.

फ्लेक्स ठेवायचा असेल तर परवानगीचं पत्र द्या आणि खर्च वहीत घ्या. नको असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या आणि फ्लेक्स उतरवून टाका. फोटो तुमचा, फ्लेक्स आठ दिवस चौकात, आणि ‘मला माहीत नव्हतं’, हे कोणाला पटणार नाही. खासगी भिंतीवर लावला असेल तर घरमालकाची परवानगीही लागते.

जेवणाचं प्रकरण वेगळं आहे. मतासाठी खाऊपिऊ घालणं ही कलम १७० प्रमाणे लाच आहे. लाच देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या खाण्यापिण्याच्या लाचेला फक्त दंड आहे, म्हणून लोक ती हसण्यावारी नेतात. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, तिथे बाटली वाटली तर दारूबंदीचा गुन्हा वेगळा लागतो.

प्रश्न : प्रचारकाळातच घरी तेरवी आहे. खर्चात धरतील का?

तेरवीचा खर्च प्रचाराचा नाही. पण मंडपात चिन्हाचा झेंडा, पत्रकांचा गठ्ठा किंवा पॅनेलचं भाषण आलं की त्या जेवणाला तेरवी म्हणणं अवघड होतं. भागवत सप्ताह आणि भंडाऱ्याचंही असंच.

प्रश्न : ट्रू व्होटर अ‍ॅपमध्ये सगळा खर्च भरला. आता कागद कशाला?

राज्य निवडणूक आयोगाच्या या अ‍ॅपमधली नोंद आणि सही केलेला हिशेब या वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाच्या आदेशात कागदी हिशेब, बिलं आणि शपथपत्र मागितलं असेल तर ते टेबलावर द्यावंच लागतं. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेब मीटिंगला गेले, ठेवून जा’ असं सांगितलं तर ठेवून येऊ नका, आवक-जावक विभागात द्या.

३० दिवस निकालापासून मोजायचे, मतदानापासून नाहीत. नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या २ डिसेंबर २०२५ च्या मतदानाची मोजणी आधी ३ डिसेंबरला ठरली होती. नागपूर खंडपीठाच्या आदेशामुळे निकाल २१ डिसेंबरला लागले. तिथे मुदतीची मोजणीही २१ पासून आणि शेवटचा दिवस २० जानेवारी २०२६. मोजणी लांबली तेव्हा वही मिटवून ठेवलेल्यांची बिलं यातच गहाळ होतात. तिसाव्या दिवसाची वाट पाहू नका, विसाव्या दिवशी देऊन मोकळे व्हा. काही कमी निघालं तर पुरवायला दहा दिवस मिळतात.

प्रश्न : मी उमेदवार नाही, मतदार आहे. निवडून आलेल्यांनी काय हिशेब दिला ते पाहायला मिळते का?
(निवृत्त शिक्षक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

मिळतं, आणि सर, असे प्रश्न आम्हाला फार कमी येतात.

उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांची शपथपत्रं उघडच असतात. खर्चाच्या हिशेबासाठी तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. नमुना ‘अ’, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका. एवढंच मागा : अमुक ग्रामपंचायतीच्या अमुक प्रभागातील सर्व उमेदवारांचे खर्चाचे हिशेब, शपथपत्रं आणि बिलांच्या प्रती. हिशेब न दिलेल्यांची यादी आणि त्यांच्यावरील कारवाईची प्रत. त्या काळात दिलेले वाहन, सभा आणि ध्वनिक्षेपकाचे परवाने.

शेवटची ओळ विसरू नका, कारण सगळी पडताळणी तिच्यावर उभी आहे. हिशेब उमेदवार लिहितो, परवाने कार्यालय देतं. परवान्यात दोन ऑटो पाच दिवस आणि हिशेबात एक ऑटो दोन दिवस, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की लगेच दिसतं. मग पत्रकं पाहा. पत्रकावर छापलेली प्रतींची संख्या आणि बिलातली संख्या जुळते का? त्यानंतर बिलं. पाच उमेदवारांची पाच बिलं एकाच दुकानाची, सलग क्रमांकाची आणि एकाच हस्ताक्षरातली असतील तर ती निकालानंतर एका बैठकीत फाडलेली आहेत असं समजायला जागा आहे. संपूर्ण पॅनेलचा खर्च रुपयापर्यंत सारखा निघाला, तर समजा की सगळ्यांची वही एकाच संगणक केंद्रावर टाइप झाली. हा पुरावा नव्हे, पण पुढे कुठे खोदायचं ते यातून कळतं.

प्रती पानाला २ रुपयांनी मिळतात. नुसती पाहणी करायची असेल तर पहिला तास मोफत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, तिकीट २० रुपयांचं. त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. वर्धेचं नागपूर खंडपीठात जातं, वऱ्हाडातल्या जिल्ह्यांचं अमरावतीला.

तक्रार करायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, कागद जोडून. निवडणूकच रद्द करून मागायची असेल तर ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. माहिती अधिकाराची प्रत तोवर हाती येत नाही. म्हणून फोटो, पत्रकं आणि तारखा प्रचार चालू असतानाच जमवा.

प्रश्न : गावाने ठरवलं, जो मंदिराला जास्त देणगी देईल तो सरपंच, बाकीच्यांनी अर्ज काढायचे. भांडणं होत नाहीत, खर्च वाचतो. यात चूक काय?

बिनविरोध निवडणुकीत चूक नाही, बोली लावण्यात आहे. उभं राहणं, न राहणं, अर्ज मागे घेणं हे सगळं न्याय संहितेने ‘निवडणूक हक्क’ धरलं आहे, आणि त्यासाठी पैसा देणं-घेणं म्हणजे लाच. ती मंदिराला गेली म्हणून पवित्र होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका याच कारणाने रद्द केल्या. उमराण्यातली बोली २ कोटींच्या वर गेली होती. शिवाय हा पैसा कोणाच्याच हिशेबाच्या वहीत येत नाही. दोन कोटी घालणारा माणूस ते पाच वर्षांत कुठून काढणार, हे गावाने मंदिरातच बसून मोजावं.

प्रश्न : गावात नाली आणि रस्त्याची कामं करणारा ठेकेदार वर्गणी देतो म्हणतो. घेऊ का?
(सरपंचपदाचा उमेदवार, ता. मोताळा, जि. बुलडाणा)

आमचं मत विचाराल तर घेऊ नका. घेतलीच तर खात्यातून घ्या आणि त्याच्या नावाने जमेला लिहा. वर्गणी घेतल्याने तुम्ही लगेच अपात्र होत नाही. पण ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे त्याचं पद जातं. निवडणुकीत ५० हजार देणारा ठेकेदार वर्षभराने बिलावर सही मागायला येईल, तेव्हा तुमचा विरोधक तीच नोंद घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. नोंद लपवली असेल तर मग ठेकेदारच ती दाखवायची धमकी देईल. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. ७ किंवा ९ सदस्यांच्या लहान गावात घरची शिल्लक आणि नातेवाइकांचे दोन-दोन हजार मिळून खर्च भागतो, ठेकेदाराकडे हात पसरायची गरज पडत नाही.

प्रश्न : नगर पंचायतीत पक्षाचं तिकीट आहे. पक्ष वरून पैसा पाठवतो. त्याची पावती कोण देतं? निवडणूक रोखे अजून चालतात का?

रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले. पक्षाला २० हजारांवर देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला जाहीर करावं लागतं, आणि आयकराची सूट हवी असेल तर २ हजारांवर रोख देणगी घेता येत नाही. तो पक्षाचा हिशेब झाला, आणि तोही न देणाऱ्यांना फटका बसतो. २०१६ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने आयकर विवरण आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती.

तुमच्यापुरतं एवढं पाहा. पक्षाकडून आलेला पैसा खात्यातच यावा, जमेला पक्षाच्या नावाने लिहावा. वस्तू आल्या, म्हणजे झेंडे, टोप्या, उपरणी, तर नग मोजून आणि दरसूचीचा भाव लावून लिहाव्या. जिल्हाध्यक्षाने पिशवीतून हातात दिलेले पैसे ‘पक्ष’ म्हणून लिहिता येत नाहीत, कारण त्यांची पावती पक्षाकडेच नसते. अशी पिशवी आली तर आधी पावती मागा. पावती मिळत नसेल तर पिशवी परत द्या.